इथरनेटऐवजी दोन तारांची बस टाकली आणि नोड अधूनमधून गायब होतात: दोष शोधण्याचा क्रम

तापमानाचे सेन्सर, टाकीचे लेव्हल सेन्सर, वीजमीटर, रिले बोर्ड अशी छोटी उपकरणं आरएस-४८५ (दोन तारांवरून सिग्नल पाठवण्याचं मानक) च्या एकाच बसवर, म्हणजे सगळ्यांना सामाईक तारांवर, जोडली आहेत; यातलं प्रत्येक उपकरण म्हणजे एक नोड. टेबलावर तीन नोड ठेवून तपासलं तेव्हा एकही एरर नव्हती. जागेवर बसवल्यावर मात्र सहावा-सातवा नोड जोडला की आधीच्यांपैकी एखादा गप्प होतो, मग आपोआप परत येतो. लॉगमध्ये टाइमआउट (उत्तरच आलं नाही) आणि सीआरसी एरर (संदेश बिघडून पोचला) यांची सरमिसळ दिसते. मॉड्यूल बदललं किंवा कोडमध्ये रिट्राय वाढवले की काही काळ बरं वाटतं, आणि पुन्हा तेच.

हा प्रश्न इतक्या वेळा समोर येतो की त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवायला हवं होतं. दोष बहुतेक वेळा चिपमध्ये नसतोच. इथरनेट सोडून बसवर आल्याने जो खर्च वाचतो तो पोर्टचा, केबलच्या लांबीचा आणि प्रत्येक उपकरणातल्या सर्किटचा. ती बचत खरी आहे, ती जरूर करावी. पण त्याच ओघात दोन रेझिस्टर, एक तिसरी तार आणि केबलमधलं तांबं यांवरही हात आखडला जातो, आणि नोड गायब होतात ते तिथेच.

बस का घ्यायची, आधी एवढं

साध्या उपकरणाला इथरनेट महाग पडतं ते निव्वळ चिपमुळे नाही. डब्ल्यू५५०० किंवा ईएनसी२८जे६० सारखी चिप, ट्रान्सफॉर्मर असलेलं आरजे-४५ सॉकेट, प्रत्येक उपकरणापासून स्विचपर्यंत स्वतंत्र केबल आणि स्विचवर एक पोर्ट, असा प्रत्येक नोडमागे खर्च येतो. मिनिटाला चार बाइट पाठवणाऱ्या सेन्सरसाठी हे सगळं उभं करावं लागतं. आरएस-४८५ मध्ये एकच केबल सगळ्यांना शिवून पुढे जाते, नोडमध्ये सिग्नल पाठवणारी-घेणारी आठ पायांची एक ट्रान्सीव्हर चिप पुरते, आणि इथरनेट लागलंच तर ते फक्त बसच्या तोंडाशी असलेल्या, तिला नेटवर्कशी जोडणाऱ्या गेटवेला लागतं.

वेगाची काळजी इथे सहसा अनाठायी असते. मॉडबस आरटीयूमध्ये, म्हणजे एक मास्टर विचारतो आणि बाकीचे नोड (स्लेव्ह) उत्तर देतात त्या पद्धतीत, दोन रजिस्टर वाचायला ८ बाइटची विनंती आणि ९ बाइटचं उत्तर लागतं. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) ११ बिटांचं एक अक्षर सुमारे १.१५ मिलिसेकंदात जातं. म्हणजे १७ अक्षरांना जेमतेम २० मिलिसेकंद, आणि मधल्या शांततेचा वेळ धरला तर २८-३०. सेकंदाला तीसेक नोड वाचून होतात. सेन्सरला याहून जास्त वेग क्वचितच लागतो, म्हणून दोष सापडेपर्यंत बॉड रेट ९६०० च्या वर नेऊ नका.

मल्टिमीटर आधी, कोड नंतर

सगळ्या नोडचा सप्लाय बंद करा आणि बसच्या एका टोकाला ए आणि बी या सिग्नलच्या दोन तारांमधला रोध मोजा. दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर (टर्मिनेशन, म्हणजे सिग्नल टोकावरून परत फिरू नये म्हणून लावलेला) असेल तर ते समांतर जोडले जाऊन साधारण ६० ओहम दिसायला हवेत. केबल लांब असेल तर तारेचा स्वतःचा रोध मिळून दोन-चार ओहम जास्त, बायस रेझिस्टर (त्यांच्याबद्दल पुढे) असतील तर थोडे कमी. ५५ ते ६५ मध्ये आकडा आला तर पुढच्या भागाकडे जा.

१२० च्या आसपास आकडा आला तर एका टोकाचं टर्मिनेशन नाही, किंवा केबल मध्येच तुटली आहे. दुसऱ्या टोकालाही मोजा. दोन्हीकडे १२० दिसले, आणि दोन्ही टोकांना रेझिस्टर आहेत याची खात्री असेल, तर तार मध्येच कुठेतरी सुटलेली आहे.

सगळ्यात जास्त वेळा दिसतो तो मात्र १२, १५ किंवा २० असा आकडा. मॅक्स४८५ चिपचं निळ्या रंगाचं जे छोटं मॉड्यूल सगळीकडे वापरलं जातं, ते हातात घेऊन हिरव्या स्क्रू टर्मिनलच्या मागे बघा. तिथे आर७ लिहिलेला एक बारीक काळा रेझिस्टर असतो, त्यावर १२१ हा आकडा छापलेला असतो. १२१ म्हणजे १२ च्या पुढे एक शून्य, १२० ओहम. हा टर्मिनेशनचा रेझिस्टर प्रत्येक मॉड्यूलवर आधीच बसवलेला येतो. दहा मॉड्यूल जोडली की दहा रेझिस्टर समांतर, म्हणजे १२ ओहम. आरएस-४८५ च्या ड्रायव्हरकडून ५४ ओहमच्या भारावर किमान १.५ व्होल्ट देण्याची अपेक्षा असते. १२ ओहमवर त्याला तेवढं जमत नाही, सिग्नल खचतो, आणि सगळ्यात लांबचा किंवा सगळ्यात अशक्त चिपचा नोड आधी गळतो. टेबलावर तीन नोड ठेवले होते तेव्हा ४० ओहम होते, ते निभावलं. सातवा जोडल्यावर का बिघडलं, ते यातून कळतं.

उपाय सोपा आहे. दोन टोकांचे नोड सोडून बाकी सगळ्यांवरचा आर७ काढून टाका. सोल्डरिंग आयर्नचं टोक दोन्ही बाजूंना आळीपाळीने टेकवलं की तो निघतो. मग पुन्हा मोजा.

बस छोटी आणि संथ असेल तर टर्मिनेशनची गरजही नसते. केबलमध्ये सिग्नलला मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे ५० मीटर जाऊन परत यायला अर्धा मायक्रोसेकंद. ९६०० बॉडला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा असतो आणि तो साधारण मध्यावर वाचला जातो, तोवर परावर्तन कधीच विरलेलं असतं. अशा बसवर सगळेच आर७ काढून टाकले तरी चालतं, वीजही वाचते. लांबी शेकडो मीटर झाली किंवा बॉड रेट लाखाच्या घरात गेला की मात्र दोन टोकांना दोन रेझिस्टर हवेतच.

बस शांत असतानाचं व्होल्टेज

आता सप्लाय चालू करा, मास्टरचं पोलिंग (नोडना विचारत राहणं) थांबवा आणि ए-बी मधलं डीसी व्होल्टेज मोजा. मीटरची लाल तार ए वर, काळी बी वर. कोणीच बोलत नसताना हे व्होल्टेज +२०० मिलिव्होल्टच्या वर असायला हवं. जुन्या पद्धतीच्या रिसीव्हरला −२०० ते +२०० या पट्ट्यात काय समजायचं हे ठरलेलं नसतं. टर्मिनेशन असलेली बस मोकळी सोडली तर ती शून्याजवळ येऊन थांबते, शेजारच्या मोटारीचा किंवा ट्यूबलाइटचा बारीकसा खरखराट रिसीव्हरला स्टार्ट बिट वाटतो, आणि खऱ्या फ्रेमच्या आधी एक खोटं अक्षर घुसतं. लॉगमध्ये ते सीआरसी एरर म्हणून दिसतं. मोटार सुरू झाली की नोड जातो, ही तक्रार बहुधा याच जातीची असते.

यासाठी ए ला ५ व्होल्टकडे आणि बी ला ग्राउंडकडे ओढणारे दोन बायस रेझिस्टर लागतात. निळ्या मॉड्यूलवर ते असतात, पण २० किलोओहमचे. ६० ओहमच्या बसवर त्यांचा परिणाम नगण्य आहे. ६८० ओहमचे दोन लावले तर ६० ओहमवर २११ मिलिव्होल्ट मिळतात, काठावरचे. ५६० चे लावले तर २५४, जरा निर्धास्त. मॉडबसच्या तपशिलातही ४५० ते ६५० ओहम सांगितले आहेत आणि ते अख्ख्या बसवर एकाच ठिकाणी लावायचे आहेत, प्रत्येक नोडवर नाही. मास्टरजवळची जागा सगळ्यात सोयीची.

नवीन बोर्ड बनवत असाल तर फेलसेफ रिसीव्हर असलेली ट्रान्सीव्हर चिप घ्या. मॅक्स३०८५ सारख्या चिपचा उंबरठा −२०० ते −५० मिलिव्होल्ट असतो, त्यामुळे शून्य व्होल्टची बस तिला निःसंदिग्धपणे शांतच दिसते. दोन पैसे जास्त द्यावेत अशी ही जागा आहे.

मोजलेलं व्होल्टेज ठळकपणे उणे आलं तर ए-बी उलट जोडले आहेत. इथे गोंधळ व्हायला कारण आहे: आरएस-४८५ च्या मूळ मानकातली ए-बी ही नावं आणि बहुतेक चिप उत्पादकांची नावं एकमेकांच्या उलट आहेत. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एका बसवर असतील तर छापील अक्षरावर विसंबू नका. तो नोड एकटा चालू करून व्होल्टेजची दिशा बघा.

तिसरी तार

सिग्नल डिफरन्शियल आहे, म्हणून ग्राउंड लागत नाही, हा समज फार खोलवर रुजला आहे आणि त्याने फार लोकांचा वेळ खाल्ला आहे. रिसीव्हर दोन तारांमधला फरक वाचतो हे खरं, पण त्या दोन्ही तारा त्याच्या स्वतःच्या ग्राउंडच्या तुलनेत −७ ते +१२ व्होल्टच्या आत राहिल्या तरच. प्रत्येक नोडला आपापला दोन पिनांचा अडॅप्टर असेल तर त्यांची ग्राउंड एकमेकांच्या तुलनेत तरंगत राहतात. अडॅप्टरच्या आतल्या कपॅसिटरमधून झिरपणारा करंट अगदी थोडा असतो, तरी दोन नोडच्या ग्राउंडमध्ये मल्टिमीटरवर कित्येक व्होल्ट एसी दिसू शकतात.

याचं एक पक्कं लक्षण सांगतो. लॅपटॉपचा चार्जर लावला की बस सुधारते, किंवा दोष बघायला ऑसिलोस्कोपचं ग्राउंड क्लिप लावलं की दोषच नाहीसा होतो. स्कोपने काही दुरुस्त केलेलं नसतं. त्याच्या क्लिपमुळे तरंगणाऱ्या ग्राउंडला पाय टेकायला जागा मिळालेली असते.

केबलमधली एक तार सगळ्या नोडच्या ग्राउंडला जोडा, हवं तर प्रत्येक नोडजवळ १०० ओहमच्या रेझिस्टरमधून. पण दोन वेगळ्या इमारतींतले, आपापल्या अर्थिंगला जोडलेले नोड एका बसवर असतील तर नुसती तार जोडून थांबू नका. त्या तारेतून मोठा करंट वाहू शकतो. तिथे आयसोलेटेड (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा) ट्रान्सीव्हरच लावा.

याहून चांगला उपाय म्हणजे अडॅप्टरच काढून टाकणं. त्याच केबलच्या उरलेल्या जोड्यांमधून एकाच ठिकाणाहून २४ व्होल्ट सगळ्यांना द्या आणि प्रत्येक नोडवर व्होल्टेज उतरवणारा छोटा बक कन्व्हर्टर बसवा. ग्राउंडचा प्रश्न बराचसा तिथेच मिटतो आणि नोडमागे एका अडॅप्टरचा खर्चही वाचतो. ५ व्होल्ट केबलमधून पाठवण्याचा मोह मात्र आवरा. कॅट-५ई मधल्या २४ गेजच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.०८४ ओहम, म्हणजे १०० मीटर जाऊन-येऊन १६.८ ओहम. अर्ध्या वॉटचे दहा नोड टोकाला आहेत असं धरलं तर ५ व्होल्टला १ अँपिअर लागेल, आणि तारेतच १६.८ व्होल्ट पडायला हवेत. हे गणित जुळूच शकत नाही. २४ व्होल्टला तेच काम पाव अँपिअरमध्ये होतं, सव्वाचार व्होल्ट पडतात आणि टोकाला २० च्या आसपास उरतात. पडणाऱ्या व्होल्टेजचा निम्मा भाग ग्राउंडच्या तारेवर पडतो, म्हणजे टोकाच्या नोडचं ग्राउंड दोनेक व्होल्टने सरकतं. ते −७ ते +१२ मध्ये आरामात बसतं.

हे सगळे आकडे खऱ्या तांब्याचे आहेत. स्वस्त केबलमध्ये पुष्कळदा आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा असतो. तार ब्लेडने खरवडून बघा, आतून चंदेरी दिसली तर ती तीच. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त भरतो, आणि स्क्रू टर्मिनलमध्ये एक-दोनदा वाकली की ती आतल्या आत तुटते. प्लॅस्टिक शाबूत असतं, ओढली तर बाहेर येत नाही, पण उन्हाने तापली की संपर्क सुटतो आणि संध्याकाळी जुळतो. दुपारी जाणारा आणि रात्री परत येणारा नोड दिसला की मी आधी केबल खरवडून बघतो.

केबलचा मार्ग

बस एका नोडकडून पुढच्या नोडकडे जायला हवी. मधूनच लांब फांद्या काढू नयेत. पण पुष्कळ ठिकाणी केबल आधीच एका पॅनेलपासून प्रत्येक खोलीत स्वतंत्र टाकलेली असते. ती उखडायची गरज नाही. प्रत्येक केबलमध्ये चार जोड्या आहेत: एका जोडीतून बस खोलीपर्यंत न्या, दुसऱ्या जोडीतून पॅनेलकडे परत आणा आणि तिथून पुढच्या खोलीला जोडा. दिसायला तारकाकृती, पण विजेच्या दृष्टीने एकच सलग रेघ. लांबी दुप्पट होते, ९६०० बॉडला त्याने काही बिघडत नाही.

ए आणि बी एकाच पिळलेल्या जोडीतले असू द्या. ए नारिंगी तारेवर आणि बी तपकिरीवर असं झालं तर पिळाचा फायदाच जातो, आणि कंटिन्युइटी टेस्टमध्ये हा दोष दिसतही नाही. आरजे-४५ वापरणार असाल तर मॉडबसच्या तपशिलाप्रमाणे ४ आणि ५ क्रमांकाच्या पिनांवर डेटा आणि ८ वर कॉमन घ्या. त्याच सॉकेटमधून २४ व्होल्ट जात असतील तर त्यावर ठळक लेबल लावा, कुणीतरी कधीतरी त्यात लॅपटॉप लावणारच.

मग कोड

वरचं सगळं मोजून झालं आणि तरी सीआरसी एरर येत असतील तर दिशा बदलण्याची वेळ तपासा. ट्रान्सीव्हरची डीई पिन (वर असेपर्यंत नोड बसवर बोलतो) शेवटचा स्टॉप बिट बाहेर पडल्यानंतर खाली यायला हवी. एव्हीआर मायक्रोकंट्रोलरमध्ये यूडीआरई आणि एसटीएम३२ मध्ये टीएक्सई हा फ्लॅग एवढंच सांगतो की बफर रिकामा आहे. शेवटचं अक्षर तेव्हा तारेवरच असतं. टीएक्ससी किंवा टीसी हा फ्लॅग बघा. आर्डुइनोमध्ये सीरियल.फ्लश हेच काम करतं. डीई लवकर पडली तर प्रत्येक फ्रेमचं शेवटचं अक्षर चिरडलं जातं. उशिरा पडली तर समोरच्याच्या उत्तराचं पहिलं अक्षर मारलं जातं. लिनक्स मास्टरवर सॉफ्टवेअरने डीई हलवत असाल तर हा उशीर दर वेळी वेगळा असतो, म्हणून एरर अधूनमधून येतात. स्लेव्हच्या उत्तराआधी ५ मिलिसेकंद थांबा घालून बघा. एकदम सुधारलं तर कारण सापडलं.

निळ्या मॉड्यूलचा आणखी एक पैलू इथे नडतो. त्याच्या डीई पिनला १० किलोओहमचा पुल-अप आहे. मायक्रोकंट्रोलर रीसेट होताना त्याच्या पिना मोकळ्या असतात, डीई वर ओढली जाते आणि तो नोड अख्खी बस अडवून धरतो. एखाद्या नोडचा सप्लाय कमकुवत असून तो पुन्हापुन्हा रीसेट होत असेल तर बाकीचे सगळे गायब झाल्यासारखे दिसतात, आणि संशय भलत्याच नोडवर जातो. पुल-अप काढून डीई ला १० किलोओहमने ग्राउंडकडे ओढा. काढता येत नसेल तर १ किलोओहमचा पुल-डाउन लावा.

टाइमआउटही बघून घ्या. तो १ सेकंद ठेवला आणि तीन नोड खरोखर बंद असले तर प्रत्येक फेरीत तीन सेकंद वाया जातात आणि चालू नोडची माहिती शिळी दिसते. ९६०० ला १०० मिलिसेकंद सहसा पुरतात. जो नोड सलग उत्तर देत नाही त्याला दर फेरीला न विचारता अधूनमधून विचारा.

बस सोडून द्यावी अशी वेळ

प्रत्येक नोडवर फर्मवेअर तारेवरून बदलायचं असेल, किंवा नोडनी विचारण्याची वाट न बघता स्वतःहून बोलायचं असेल तर मॉडबसशी झगडू नका. दुसऱ्या कामाला कॅन चांगली. तीही दोन तारांचीच बस आहे, आणि दोघं एकदम बोलले तरी कोणाचा संदेश आधी जाणार हे हार्डवेअरच ठरवतं. १२५ किलोबिटला ती ५०० मीटरपर्यंत जाते. खरं इथरनेटच हवं असेल तर २०१९ च्या ८०२.३सीजी मानकातलं १०बेस-टी१एस बघा: एकाच जोडीवर अनेक नोड, १० मेगाबिट, स्विच नाही. मानकातली हमी मात्र किमान ८ नोड आणि २५ मीटरचीच आहे. पॅनेलच्या आत किंवा एखाद्या यंत्रात ते उत्तम, आवारभर पसरलेल्या सेन्सरना नाही.

आणि हे सगळं करूनही एकच नोड हट्टाने जात राहिला, तर त्याचा बोर्ड शेजारच्या नोडच्या जागी लावा आणि शेजारचा त्याच्या जागी. पत्ता बोर्डासोबत जाऊ द्या. दोष बोर्डामागे गेला तर बोर्ड बदला. जागेवरच राहिला तर त्या जागेचे दोन्ही स्क्रू सोडा, तार सेंटिमीटरभर मागे कापा, नवं टोक सोलून पुन्हा आवळा आणि सुरुवातीचा ६० ओहमचा आकडा परत मोजा.